ड्रायरचा कंडेन्सर बदलला त्याला आठ-नऊ महिने झाले

वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक (धुणं एका टबात, ड्रायर दुसऱ्यात), सात किलोचं, नऊ वर्षं जुनं. धुण्याचा भाग बंद पडला तर हातानं भागतं. पण आम्ही पावसाळी चिपळूणचे. ऐन जूनमध्ये ड्रायर गेला की घरभर दोऱ्या आणि कुबट वास. नेमका तोच गेला. मेकॅनिकनं झाकण न उघडताच सांगितलं, मोटर जळली, बावीसशे.

मला ते पटेना. बटण फिरवलं की 'हूंऽऽ' असा आवाज येत होता. म्हणजे टायमर आणि झाकणाच्या स्विचपर्यंत करंट ठीक. प्लग काढून, झाकण बंद ठेवून (उघडं असलं की ब्रेक लागतो) खालच्या बाजूनं कपलिंग (मोटर आणि ड्रायरचा टब यांचा जोड) हातानं फिरवलं, तर अगदी सैल. मोटर जाम असती तर अडकली असती. राहिला कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर मागायचा.

आमच्याकडे एकाच डबीत दोन आहेत: १० मायक्रोफॅरड (कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) धुण्याच्या मोटरला, ५ ड्रायरला. म्हणून एक बाजू ठणठणीत आणि दुसरी नुसती गुणगुणत होती. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. होल्डरमधल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या वायरी टोकांना लावून तो उतरवला, मगच हात घातला. मल्टिमीटरवर दहाचा ९.७ दिसला, पाचचा १.८. तीन वायरींचा फोटो काढून त्याच आकड्यांचा, ४४० व्होल्टचा नवीन आणला. १८० रुपये. पहिल्याच फटक्यात ड्रायर सुटला.

इथपर्यंत माझी कॉलर ताठ होती. ऑगस्टमध्ये खरखर सुरू झाली आणि मशीनखाली तांबूस थेंब दिसू लागले. टबाखालचं रबरी सील गेलं होतं आणि पाणी शाफ्टवरून (टब फिरवणाऱ्या दांड्यावरून) थेट मोटरवर उतरत होतं. कारणही घरातलंच: साबणाचं पाणी संडासाला वापरायचं म्हणून आई ड्रेनची नळी उचलून बादलीत सोडते. नळी उंच राहिली की पाणी निघून न जाता ड्रायरच्या तळाशी साचतं. जूनमध्ये मशीन उघडलंच होतं, तेव्हाच सील बघायला हवं होतं. ते बदलायला टब बाहेर काढावा लागतो. कपलिंगचा बोल्ट गंजून असा बसलेला की रात्रभर खोबरेल तेल सोडून सकाळी पाना लावला, तेव्हा हलला. सील ९० रुपयांचं, मेहनत पूर्ण रविवारची.

आता मार्च. भिजलेली चादर घातली तरी ड्रायर लगेच वेग घेतो. खरखर मात्र पूर्ण गेलेली नाही. बेअरिंगनं पाणी प्यायलंय, ते कधीतरी बदलावं लागणार. पहिल्या वेळी गुणगुणणारी मोटर मी चार-पाचदा चालू करून बघितली, तेही चुकलंच. न फिरता करंट खात राहिली तर वाईंडिंग (मोटरमधले तारेचे वेढे) खरोखर जळतं, आणि मग मेकॅनिकच बरोबर ठरला असता.

मशीनला हात लावून झिणझिण्या येत असतील तर मात्र यातलं काही करू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या. नळी खाली राहावी म्हणून बादली आता मोरीत जमिनीवर आडवी ठेवतो. निम्मं पाणी सांडतं, आई कुरकुरते.