१०८ आणि दवाखान्याच्या गेटवरची प्रायव्हेट अ‍ॅम्ब्युलन्स, दोन्हीचा रिव्ह्यू

मामांच्या आजारपणात दोन्ही गाड्यांचा अनुभव आला. घरून तालुक्याला नेताना १०८ आणि तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात शिफ्ट करताना प्रायव्हेट, म्हणून लिहितोय.

१०८ ला आधी मार्क देतो. कॉल घेणारा पुण्यात बसलेला असतो, त्याला तुमचं गाव ठाऊक नसतं, त्यामुळे "मारुतीच्या देवळामागं या" असलं सांगून काही उपयोग नाही, गाव तालुका जवळचा मोठा रस्ता नीट सांगा आणि फोन चालू ठेवा कारण गाडीवाले परत फोन करतात. गाडीत ड्रायव्हर (त्याला ते पायलट म्हणतात) आणि सोबत डॉक्टर असतो, बऱ्याचदा बीएएमएस. डॉक्टर असतो हे आमच्याकडे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, त्यांना वाटतं सरकारी गाडी म्हणजे नुसतं स्ट्रेचर. ऑक्सिजन लावला, बीपी बघितलं, कागदावर वेळेसकट लिहिलं आणि एक रुपया मागितला नाही. फक्त दवाखाना तुम्ही म्हणाल तोच मिळेल असं समजू नका, जवळ जिथं सोय आहे तिथं नेतात. बाळंतपणासाठी १०२ वेगळा आहे.

आता तक्रार, पण ती गाडीवरच्या लोकांबद्दल नाही. २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या एएलएस फक्त २३३, म्हणजे जिल्ह्यामागं सहा-सात, बाकी ७०४ बीएलएस, म्हणजे ऑक्सिजन वगैरे साधी सोय असलेल्या. शहरात २० मिनिटं आणि खेड्यात ३० मिनिटं असं टार्गेट ठरलेलं. आमच्याकडे वेळेत आली, पण एका अनुभवावरून काय कळणार. गाडी कधी निघाली कधी पोचली हे जीपीएसवर असतंच ना, मग तालुक्याप्रमाणे तो आकडा दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असा लावा की. गाड्या ठेकेदार चालवतो, पैसे सरकार देतं, तर हिशोब बघायचा हक्क आपलाही आहे.

आणि प्रायव्हेट. नाव नाही घेत. बाहेरून लाल दिवा, सायरन, मोठ्या अक्षरात कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्स. आत सिलेंडरचा काटा शून्याला टेकलेला, सोबत नर्स नाही की ब्रदर नाही, ड्रायव्हर एकटाच, आणि निघायच्या आधी रोख पैसे. पावती मागितली तर म्हणाला नंतर देतो.

हे चालतं कसं म्हणाल तर अ‍ॅम्ब्युलन्सकडे आपल्याकडे आधी वाहन म्हणून बघतात. नोंदणी आरटीओकडे, फिटनेस आरटीओकडे, भाडं ठरवणार तेही परिवहन प्राधिकरण. एआयएस-१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात नुसती पेशंट ने-आण करणारी गाडी बी टाइप, बीएलएस सी आणि एएलएस डी, कुठल्या गाडीत काय पाहिजे ते सगळं कागदावर आहे. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा सिलेंडर भरलाय का, आत बसलेला माणूस शिकलेला आहे का, हे अधूनमधून येऊन बघणारा कोण? मला तरी कोणी दिसला नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आहे, आणि रिकामा सिलेंडर घेऊन फिरणाऱ्याला विचारायला कुणी नाही!! आरोग्य खात्याचा एक माणूस आरटीओच्या पासिंगला उभा केला तरी निम्म्या गाड्या सुधारतील.

तर १०८ ला पाचपैकी चार. प्रायव्हेट करायचीच वेळ आली तर पेशंट चढवायच्या आधी सिलेंडरचा काटा स्वतः बघा, सोबत कोण येणार आणि तो काय शिकलाय ते विचारा, भाडं किलोमीटरवर की ठोक ते ठरवून घ्या आणि शक्यतो पैसे यूपीआयनं द्या, पावती नाही दिली तरी पुरावा राहतो.