वर्डप्रेस की घोस्ट? दोन्ही मराठीत वापरल्यानंतरचा अनुभव

वर्डप्रेस आणि घोस्ट ही दोन्ही साइट किंवा ब्लॉग चालवायची सॉफ्टवेअर. रानभाज्यांच्या माहितीची आमची साइट वर्डप्रेसवर आहे आणि आमचं महिन्याचं ईमेल पत्र घोस्टवरून जातं. दोन्ही बरेच महिने शेजारी शेजारी चालवतोय आणि "आम्ही कुठलं घेऊ" असं अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

घोस्ट काढणारे जॉन ओ'नोलन आधी वर्डप्रेसच्याच टीममध्ये होते, २०१३ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करून त्यांनी हे सुरू केलं, आणि हेतू एकच, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर लिखाण सोडून काही नको. ते खरंच जमलंय. पान उघडा, लिहा, पब्लिश करताना तो विचारतो की साइटवर टाकू, मेल करू की दोन्ही करू, बस्स. प्लगिन (वरून जोडायच्या जादा सोयी) नाहीत, कॅटेगरी नाहीत, फक्त टॅग. यातलं बरंचसं त्यांनी आपल्या वतीने ठरवून टाकलंय आणि एकट्याने लिहिणाऱ्याला ते फार सुखाचं आहे. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं तर मोठ्या यादीला मेल पाठवायला मेलगन या मेल पाठवणाऱ्या सेवेचं खातं लागतं, तेवढं आधी बघून ठेवा.

पण हे आधीच ठरवलेलं सगळं मराठीला चालतंच असं नाही. लेखाचा पत्ता, म्हणजे त्याची लिंक घ्या. घोस्ट देवनागरी शीर्षकाचं आपोआप रोमन करतो आणि ते करताना अक्षरातला न लिहिलेला 'अ' गळतो, म्हणजे 'करटोली'मधल्या 'कर'चं 'kar' न होता 'kr' होतं. वर्डप्रेस देवनागरी तशीच ठेवतो, पण डेटाबेसमध्ये पत्त्याला जागा २०० कॅरेक्टरची आणि लिंकसाठी %-चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलल्यावर (एन्कोड झाल्यावर) आपलं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, नऊ जागा खातं, मग "पावसाळ्यात मिळणाऱ्या रानभाज्या कशा ओळखाव्यात" या शीर्षकाचा पत्ता 'रान'वरच तुटतो. दोन्हीकडे पब्लिश करायच्या आधी पत्ता हाताने लिहा. नंतर बदललात तर वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर स्वतःच पाठवतो, घोस्टमध्ये त्यासाठी रिडायरेक्टची फाइल आपण भरायची.

कीबोर्डचं तर याहून महत्त्वाचं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही! दोन्ही एडिटरमध्ये स्लॅश दाबला की फोटो, यादी वगैरेचा मेन्यू उघडतो आणि हॅश मारून स्पेस दिली की हेडिंग होतं. छान सोय आहे, पण इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये स्लॅशच्या बटणावर 'य' आहे आणि शिफ्ट-तीनवर रकार, म्हणजे मध्येच इंग्रजी कीबोर्डवर जा, चिन्ह टाका, परत मराठीवर या. आमच्याकडे लिहिणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी इन्स्क्रिप्टवाल्या, त्यांना मी दोन्हीकडे अधिकच्या (+) बटणानेच सगळं करायला शिकवलं आणि त्यांचं काम अडत नाही. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड मराठीत करता येतो, घोस्टची लिहायची बाजू इंग्रजीतच आहे. नव्याने लिहायला बसणाऱ्या माणसाला या एका गोष्टीने केवढा धीर येतो हे मी जवळून बघितलंय.

आता वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर, ज्यात प्रत्येक परिच्छेद, फोटो, यादी हा वेगळा ब्लॉक असतो. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीसोबत आला तेव्हा लोक खूप चिडले होते, जुना एडिटर परत आणणारं क्लासिक एडिटरचं प्लगिन अजून कितीतरी जण वापरतात. पण त्यामागचा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. लेख डेटाबेसमध्ये साध्या एचटीएमएलमध्येच (वेबपानांच्या मूळ भाषेत) राहतो, ब्लॉकच्या खुणा फक्त पानावर न दिसणाऱ्या कॉमेंट म्हणून मध्ये बसतात. उद्या वर्डप्रेस सोडलं तरी तो मजकूर कुठलाही ब्राउझर दाखवेल. घोस्ट आत जेसन या माहिती साठवायच्या पद्धतीची रचना ठेवतो आणि एचटीएमएल त्यातून तयार करतो, एक्स्पोर्ट नीट मिळतो, पण मूळ प्रत त्यांच्या एडिटरच्या भाषेत असते. भाजी कशी ओळखायची, विषारी भाग कुठला, किती वेळा पाणी बदलून उकडायची, ही माहिती सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्यात, ती पुढच्या वीस वर्षांत कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडायला हवी.

म्हणून एकट्याचं पत्र असेल, वाचक मेलवर वाचणार असतील तर बिनधास्त घोस्ट घ्या. चार-पाच जणांनी मिळून मराठीत साठा करायचा असेल तर वर्डप्रेस, आणि त्यातही शक्यतो मूळचेच ब्लॉक वापरा, कारण बाहेरच्या पेज बिल्डरचं (पानाची मांडणी करून देणारं) प्लगिन काढलं की पानभर शॉर्टकोड, म्हणजे त्याच्या कंसातल्या खुणा, उरण्याची शक्यता असते. आमच्या पत्रातले भाज्यांवरचे लेख आता आम्ही पत्र गेलं की लगेच साइटवरही टाकतो.