कुत्र्याच्या तोंडाच्या कॅन्सरवर पिरॉक्सिकॅम: सात-आठ महिने वापरून

आधीच सांगते, या गोळीने कॅन्सर बरा होतो का हे बघायला कोणी आलं असेल तर उत्तर 'जवळजवळ नाही' असं आहे. तरीही मी ही गोळी चांगली म्हणते. का, ते खाली.

आमची चिंगी गावठी, वय बाराच्या पुढे, वजन 17 किलो. तोंडाला वास यायला लागला, मग उजवीकडची वरची मोठी दाढ हलायला लागली. दाढ काढली, पण खड्डा भरेना, उलट तिथे लालसर मांस वाढायला लागलं. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, निघाला. म्हाताऱ्या कुत्र्याची दाढ काढल्यावर हिरडी भरून येत नसेल तर 'पू झाला असेल' म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देत बसू नका, तुकडा तपासायला पाठवा. कुत्र्यांच्या तोंडात सगळ्यात जास्त दिसणारा घातक कॅन्सर मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा. तो गळ्यातल्या गाठींत आणि फुप्फुसात लवकर पसरतो. हिरडीवरचा स्क्वॅमस सहसा तिथेच राहून हाड खात जातो. उपचार सगळे त्यावर ठरतात, त्यामुळे नाव कळल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

गाठ पुढच्या दातांजवळ असती तर डॉक्टरांनी हाडासकट काढलीच असती. जबड्याचा तुकडा काढलेली कुत्री नंतर छान खातात-पितात, जीभ थोडी बाजूने लोंबते एवढंच. ऑपरेशन शक्य असेल तर हे पुढचं वाचूच नका, ऑपरेशन करा. चिंगीची गाठ मागे होती आणि सीटी स्कॅनमध्ये हाड डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोखरलेलं दिसलं. रेडिएशनची सोय आमच्या आवाक्यात नव्हती. मग उरली ही गोळी.

पिरॉक्सिकॅम म्हणजे माणसांच्या सांधेदुखीचं जुनं औषध. कॅन्सरच्या पेशी कॉक्स-2 नावाचं एन्झाइम जास्त बनवतात, त्याच्या जोरावर गाठीला नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. ही गोळी ते एन्झाइम अडवते. 2001 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात तोंडात स्क्वॅमस असलेल्या 17 कुत्र्यांना फक्त ही गोळी दिली होती. एकाची गाठ पूर्ण गेली, दोघांची कमी झाली, पाच जणांची होती तेवढीच थांबली. बाकीच्यांना उपयोग नाही. डॉक्टरांनी हे आकडे आधीच समोर ठेवले, म्हणून मी चमत्काराची वाट बघत बसले नाही.

डोस किलोमागे 0.3 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, भरल्या पोटी. 17 किलोला साधारण 5 मिलिग्रॅम. केमिस्टकडे पाण्यात विरघळणारी 20 मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिचा पाव भाग आमच्या चिंगीला नेमका बसला. तुमचं कुत्रं 8 किलोचं असेल तर असे तुकडे अंदाजाने करू नका, डॉक्टरांकडून मोजून घ्या. पावसाळ्यात कापलेले तुकडे हवेने मऊ पडून भुगा होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचे. दहा गोळ्यांची पट्टी चाळीस दिवस पुरते, म्हणजे औषध अगदीच स्वस्त. खरा खर्च रक्ततपासणीचा. किडनी आणि हिमोग्लोबिन सुरू करण्याआधी, मग थोड्या दिवसांनी आणि पुढे नियमित. तो वाचवायचा विचारही करू नये.

फरक पहिल्याच आठवड्यात दिसला, पण गाठीत नाही, ताटलीत. एका बाजूनेच चावणारी, अर्धं टाकून उठणारी चिंगी दही-भात चाटूनपुसून खायला लागली. पंजाने तोंड घासणं थांबलं. गाठ मात्र पहिले तीन-चार महिने जवळपास होती तेवढीच. ती गोळीमुळे थांबली की मुळातच हळू वाढणारी होती, हे आमच्या एका कुत्रीवरून कोण सांगणार? माझा कल म्हणाल तर दुखणं कमी झालं, हाच मोठा भाग. मला तेवढं पुरलं.

आता वाईट बाजू. चौथ्या महिन्याच्या सुमारास तिने खाणं सोडलं आणि शी काळी, चिकट झाली. काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्त. गोळी त्याच दिवशी बंद आणि थेट डॉक्टर. हे औषध शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे बंद केलं तरी पोट लगेच शांत होत नाही. पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारं ओमेप्राझोल आणि पोटाचं अस्तर सांभाळणारं मिसोप्रोस्टॉल सुरू झालं. मिसोप्रोस्टॉल मागताना केमिस्टने माझ्याकडे असं काही पाहिलं की चिठ्ठीवरचं 'चिंगी, श्वान, मादी' बोट ठेवून वाचून दाखवावं लागलं. (ती गर्भपातासाठीही वापरतात, म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या गोळीला हातही लावू नये.) नंतर पिरॉक्सिकॅम दिवसाआड सुरू केलं, तेव्हापासून पोट ठीक आहे.

पिरॉक्सिकॅमसोबत मेलॉक्सिकॅम (याच जातीचं दुसरं वेदनाशामक) किंवा स्टेरॉइड चालत नाही, पोटाला भोक पडू शकतं. आमच्या चिंगीला भूक लागावी म्हणून एका दुसऱ्या दवाखान्यात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन भरून तयारच होतं. मी पट्टी दाखवली म्हणून ते बाजूला ठेवलं. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच. आणि घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला कधीच नाही.

गोळीइतकाच उपयोग खाण्यातल्या बदलांचा झाला. खोल वाडग्याऐवजी पसरट ताटली, हाडं आणि चावायची खेळणी बंद, खिमा मऊ शिजवून, कांदा-लसूण न घालता. सासूबाई आधी 'कुत्रीचे लाड' म्हणून नाक मुरडायच्या, आता अंडं त्याच कुस्करतात. वास मात्र पूर्ण गेला नाही. अँटिबायोटिकने थोडे दिवस कमी होतो, परत येतो. पाहुणे आले की मी खिडक्या उघडते आणि काही बोलत नाही.

गेल्या महिन्यापासून गाठ पुन्हा वाढतेय, डोळ्याखाली किंचित सूज आहे. डॉक्टर रोजच्या कमी डोसच्या केमोबद्दल बोलले. आम्ही अजून ठरवलेलं नाही. ती जेवतेय, जिन्याखाली मांजर दिसलं की भुंकतेय, तोवर गोळी चालू ठेवणार.

पाचपैकी किती द्यायचे? दुखण्यासाठी चार, गाठीसाठी दीड. किडनी आधीच कमजोर असेल किंवा रक्त तपासायची तयारी नसेल तर ही गोळी मागू नका, डॉक्टरांना दुसरं काही विचारा.