थेट व्यावसायिक टेनिस की अमेरिकेतील कॉलेज: सानिया मिर्झा आणि लिसा रेमंड यांच्या कारकिर्दींचा तुलनात्मक आढावा

मुलगी राज्य पातळीवरच्या स्पर्धांत सातत्याने उपांत्य फेरी गाठू लागली आणि आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनियर स्पर्धांत तिच्या नावावर थोडेफार गुण जमू लागले, की दहावी-अकरावीच्या सुमारास पुण्यातील टेनिस खेळणाऱ्या घरांपुढे एक प्रश्न येऊन ठाकतो. शिक्षण बाजूला ठेवून थेट व्यावसायिक स्पर्धांत उतरायचे, की बारावीनंतर अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन तिथल्या संघाकडून खेळायचे आणि पुढचे पुढे पाहायचे? डेक्कन जिमखाना, पीवायसी किंवा म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टांभोवती याविषयी मतांची वाण नाही; मात्र ती बहुधा ओळखीतल्या एखाद्या मुलीच्या अनुभवावर बेतलेली असतात, आणि त्या मुलीची कारकीर्द अजून अर्ध्यावरच असते. म्हणून येथे कारकिर्दीचा पूर्ण हिशेब मांडता येईल अशा दोन निवृत्त खेळाडू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पहिली हैदराबादची सानिया मिर्झा, जी सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाली. दुसरी अमेरिकेची लिसा रेमंड, जी आधी फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळली. दोघीही दुहेरीत जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचल्या, दोघींनाही एकेरीत पहिल्या दहांत शिरता आले नाही, आणि दोघींनीही कारकिर्दीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर लीझेल ह्युबरच्या साथीने विजेतेपदे मिळवली. इतके साम्य असल्यामुळे सुरुवातीच्या फरकाकडे नीट पाहता येते.

सानियाचे उदाहरण आपल्याकडे सर्वांत आधी दिले जाते आणि तेच सर्वांत अर्धवट सांगितले जाते. २००३ मध्ये अलिसा क्लेबानोव्हाच्या साथीने तिने विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली. २००४ मध्ये तिने ह्युबरबरोबर हैदराबादच्या डब्ल्यूटीए (महिलांचा मुख्य व्यावसायिक दौरा) स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद जिंकले. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून थेट प्रवेश, मिळवून ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली आणि तेथे सेरेना विल्यम्सकडून हरली. पुढच्याच महिन्यात हैदराबादला तिने एकेरीचे विजेतेपद जिंकले. डब्ल्यूटीएचे एकेरीतील विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत मारिया शारापोव्हाने तिला रोखले आणि वर्षअखेरीस ती ३१ व्या स्थानावर होती. एकोणीस वर्षांची मुलगी दोन वर्षांत एवढी मजल मारते, हे पाहून देशभरातील पालकांनी आपापल्या मुलींना रॅकेट हाती दिली असल्यास नवल नाही.

परंतु या दोन वर्षांच्या खाली काय होते, ते निर्णय घेणाऱ्याने पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे, व्यावसायिक झाली त्याच वर्षी तिच्या हाती ज्युनियर ग्रँड स्लॅमचे विजेतेपद होते. म्हणजे जगातील आपल्या वयाच्या मुलींमध्ये ती कुठे आहे, याचा अंदाज घरच्यांना बांधावा लागला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, नेमक्या त्याच काळात, २००३ ते २००५ या वर्षांत, तिच्या स्वतःच्या शहरात डब्ल्यूटीए स्पर्धा होत होती. घरच्या कोर्टवर, घरच्या प्रेक्षकांसमोर आणि विमानप्रवासाचा शीण न घेता वरच्या दर्जाचे सामने खेळायला मिळणे ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी सोय आहे. पुण्यात महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा झाली खरी, पण ती पुरुषांची होती. मुलींसाठी आपल्याकडे आधार आहे तो आयटीएफ स्पर्धांचा, आणि त्यांतून मिळणाऱ्या गुणांचा पल्ला मर्यादित असतो.

तिसरी गोष्ट शरीराची. सानियाचा फोरहँड हे तिचे मुख्य अस्त्र होते आणि त्याची किंमत तिच्या मनगटाने मोजली. २००७ च्या ऑगस्टमध्ये ती एकेरीत २७ व्या स्थानावर होती. त्यावेळी ती विशीतच होती, आणि त्यापुढे ती कधीच गेली नाही. २००८ मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली, पुढेही दुखापती येत राहिल्या आणि २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. म्हणजे ज्या एकेरीच्या भरवशावर थेट व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला जातो, तिची फळे तिला तरुणपणी थोडी वर्षे मिळाली. खरे वैभव आले ते दुहेरीत आणि तेही अठ्ठाविसाव्या वर्षानंतर. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत अव्वल झाली. मार्टिना हिंगिसच्या साथीने तिने २०१५ चे विम्बल्डन, त्याच वर्षीचे अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले, आणि या जोडीने सलग ४१ सामने जिंकण्याची करामतही केली. मिश्र दुहेरीतील तीन धरून तिची ग्रँड स्लॅम विजेतेपदे सहा, आणि दुहेरीची एकूण विजेतेपदे ४३.

आता रेमंड. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेली ही खेळाडू फ्लोरिडा विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळली आणि १९९२ व १९९३ अशा दोन्ही वर्षी आंतरविद्यापीठ एकेरीची राष्ट्रीय विजेती ठरली. त्यानंतर पूर्ण चार वर्षे न थांबता ती १९९३ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, व्यावसायिक झाली. सानियापेक्षा उशीर झाला तो इतकाच. एकेरीत तिने १५ वे स्थान गाठले, चार विजेतेपदे मिळवली आणि विम्बल्डन व ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये प्रत्येकी एकदा उपांत्यपूर्व फेरी गाठली. कॉलेजला गेल्याने मुलीची एकेरी संपते, असे जे ठामपणे सांगितले जाते, त्याला या जोडीत तरी आधार मिळत नाही. येथे कॉलेजला गेलेलीच एकेरीत पुढे राहिली. दुहेरीत ती २००० मध्ये अव्वल झाली आणि तिने एकूण ७९ विजेतेपदे मिळवली. ग्रँड स्लॅम विजेतेपदे अकरा, त्यांत महिला दुहेरीची सहा. मिश्र दुहेरीतील १९९९ चे विम्बल्डन तिने आपल्या लिअँडर पेसबरोबर जिंकले होते, हे आपल्याकडे पेसच्या नावाने आठवते, तिच्या नावाने क्वचितच.

तिच्या कारकिर्दीची लांबी हा माझ्या मते सर्वांत बोलका भाग आहे. २०११ मध्ये ह्युबरच्या साथीने तिने अमेरिकन ओपन जिंकले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, आणि २०१२ मध्ये माइक ब्रायनच्या साथीने विम्बल्डनची मिश्र दुहेरी व लंडन ऑलिंपिकचे कांस्यपदक अशी दोन यशे तिने त्याच उन्हाळ्यात मिळवली. उशिरा सुरुवात केल्यामुळेच ती इतकी टिकली, असे एका उदाहरणावरून म्हणणे धाडसाचे ठरेल. सानियाही मुलाच्या जन्मानंतर २०२० मध्ये परतली, पहिल्याच स्पर्धेत होबार्टला दुहेरी जिंकली आणि २०२३ पर्यंत खेळली. तरीही अठराव्या वर्षापर्यंत शरीर आणि मन दोन्ही दौऱ्यांवर कमी घासले जाणे ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. लवकर सुरुवात केलेली ऑस्ट्रेलियाची अॅश्ली बार्टी पंधराव्या वर्षी विम्बल्डनची ज्युनियर विजेती झाली, अठराव्या वर्षी टेनिस सोडून गेली, मधल्या काळात ब्रिस्बेनकडून क्रिकेट खेळली, परत आली आणि तीन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकून पंचविसाव्या वर्षी, जगात अव्वल असताना, निवृत्त झाली. तिने जिंकलेला शेवटचा अंतिम सामना, म्हणजे २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा, ज्या डॅनिएल कॉलिन्सविरुद्ध होता, ती कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठाकडून दोनदा राष्ट्रीय विजेती होऊन बावीस वर्षांची झाल्यावर व्यावसायिक झाली होती.

कॉलेजच्या टेनिसमध्ये नेमके काय होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने. दोन विद्यापीठांच्या सामन्यात आधी तीन कोर्टवर एकाच वेळी दुहेरीचे तीन सामने होतात, प्रत्येकी एकच सेट. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. मग सहा कोर्टवर सहा एकेरी. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाल्यावर लांबण लावली जात नाही, पुढचाच गुण निर्णायक ठरतो. शेजारच्या कोर्टवरची सहकारी प्रत्येक गुणाला ओरडत असते आणि प्रशिक्षक कोर्टच्या कडेला येऊन दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत बोलतो. आपल्या अकादम्यांमध्ये मुलींना बेसलाइनवरून तासन् तास चेंडू टोलवायला लावतात आणि दुहेरी हा रविवारचा विरंगुळा समजला जातो. तेथे मात्र मुलीला आठवड्यातून अनेकदा नेटजवळ उभे राहून समोरून येणारा रिटर्न कापावा लागतो. सानियाची जोडी जमली तीही याच कामाच्या वाटणीवर: मागे राहून ती फोरहँडने प्रतिस्पर्ध्यांना मागे रेटायची आणि पुढे हिंगिस चेंडू कापायची. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारणे, शिकलेली मुलगी दुहेरीत जोडीदार सहज मिळवते, आणि दुहेरीच्या कमाईवर एकेरीचा दौरा काही काळ तरी चालवता येतो.

पैशाची बाजू येथेच घेतलेली बरी. व्यावसायिक स्पर्धांच्या सर्वांत खालच्या पायरीवर एकूण बक्षिसाची रक्कम १५,००० डॉलर असते. ती सर्वांत वाटली गेल्यावर विजेतीच्या हाती साधारण सव्वादोन-अडीच हजार डॉलर येतात आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलेलीला शंभर-दीडशे. त्यातून करही कापला जातो. विमान, हॉटेल, गटिंग (रॅकेटला तारा बसवणे) आणि प्रशिक्षकाचे मानधन यांचा खर्च मात्र हरणारीला आणि जिंकणारीला जवळपास सारखाच येतो. पात्रता फेरीच्या सकाळी डेक्कन जिमखान्यावर चक्कर टाकली, तर तुटलेली तार बदलून घ्यायची की उरलेल्या रॅकेटवर भागवायचे याचा विचार करणाऱ्या, क्रमवारीत पाचशेच्या पलीकडल्या मुली दिसतात. हा खेळ बाहेरून दिसतो तितका झगमगीत नाही. याउलट अमेरिकेत, शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतर, मुलींच्या टेनिसकडे शिष्यवृत्त्यांचा ओघ मोठा झाला. २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतील महिला संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, तर पुरुष संघाला साडेचार, आणि त्याही तुकड्यांत वाटता येत. त्यानंतर नियमांची चौकट बदलली असली, तरी मुलासाठी जे गणित जमत नाही ते मुलीसाठी जमू शकते, हे ध्यानात ठेवावे.

रेमंडच्या उदाहरणालाही मर्यादा आहे. तिच्यासाठी कॉलेज घरचेच होते. व्हिसा, परक्या देशातील एकटेपणा, प्रवेशपरीक्षा, यांपैकी काही तिच्या वाट्याला आले नाही. पुण्यातील मुलीसाठी जवळची तुलना ऋतुजा भोसले हिची ठरते. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, परतून व्यावसायिक दौऱ्यावर उतरली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकली. दुसऱ्या बाजूला, अहमदाबादहून सरावासाठी पुण्यात आलेली अंकिता रैना थेट व्यावसायिक मार्गाने गेली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक, २०२० मध्ये १६० वे स्थान आणि २०२१ मध्ये डब्ल्यूटीएचे दुहेरीचे विजेतेपद ही तिची कमाई. दोघींच्याही कारकिर्दींचा हिशेब अजून मांडायचा आहे. इतके मात्र दिसते की अंकिताला एकेरीतील आपल्या सर्वोत्तम स्थानावर पोहोचायला सत्ताविसावे वर्ष उजाडावे लागले. थेट गेल्याने वेळ वाचतोच असे नाही. येथेच राहून शिकत खेळण्याचा तिसरा मार्गही आहे, आणि २०२५ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरने मिळवलेल्या कांस्यपदकामुळे तो आता हसण्यावारी नेता येत नाही.

माझे मत विचारले तर ते असे आहे. सतराव्या वर्षापर्यंत मुलगी ज्युनियर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत नियमित खेळून सामने जिंकत असेल, आणि किमान तीन वर्षांच्या दौऱ्याचा खर्च घर गहाण न ठेवता उभा राहत असेल, तर सानियाचा मार्ग धरावा. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर कॉलेज हाच शहाणपणाचा निर्णय आहे, आणि त्याला हरल्याची पळवाट समजू नये. मधल्या स्थितीत असलेल्या, म्हणजे खेळ आहे पण पैसा नाही अशा मुलीसाठीही मी कॉलेजच सुचवेन, मात्र विद्यापीठाच्या नावापेक्षा प्रशिक्षक कोण आहे आणि त्याच्या हाताखालून दौऱ्यावर किती मुली गेल्या, ते आधी पाहावे. पैसा आहे पण खेळ तेवढा नाही, ही स्थिती पुण्यात अधिक आढळते. तेथे थेट व्यावसायिक होण्याचा आग्रह बहुधा मुलीपेक्षा पालकांचा असतो.

निर्णय अकरावीत पक्का झाला नाही तरी चालेल, पण दार उघडे ठेवण्याची तयारी त्याआधीच करावी लागते. बारावीनंतर एक-दोन वर्षे दौरा करून पाहू आणि जमले नाही तर कॉलेजला जाऊ, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की शाळा संपल्यावर प्रवेश लांबवल्यास विद्यापीठाकडून खेळण्याच्या पात्रतेची वर्षे कमी होऊ शकतात. बक्षिसाच्या रकमेबाबतही एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेचे, नियम आहेत, ते गेल्या काही वर्षांत न्यायालयीन वादांमुळे बदलत आहेत, आणि म्हणून ते एजंटाच्या तोंडून न ऐकता विद्यापीठाच्या पात्रता कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावेत. तोवर मुलगी जी जी व्यावसायिक स्पर्धा खेळेल, तिचे प्रवेशशुल्क, तिकीट, हॉटेल आणि गटिंग यांच्या पावत्या स्पर्धेच्या नावानिशी वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात, कारण मिळालेले बक्षीस खर्चाच्या आत होते की बाहेर, हे पुढे त्याच कागदांवरून दाखवावे लागू शकते.