अंगठा, कार्ड की फोन? गावात पैसे काढण्याच्या तीन वाटांची तुलना

दिवाळीनंतर कापसाचा चुकारा आणि सोयाबीनचे पैसे खात्यात पडू लागतात. त्यात पीएम किसानचे वर्षाचे 6,000, राज्याच्या नमो शेतकरीचे तेवढेच आणि घरातल्या बाईच्या नावावर लाडकी बहीणचे महिन्याचे 1,500. सगळं थेट खात्यात येतं, बँकेची शाखा मात्र तालुक्याला. मग पैसे हातात येण्याच्या वाटा तीन उरतात: बँक मित्राकडे (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे) आधारवर अंगठा लावणं, रुपे कार्ड आणि पिन वापरणं, नाहीतर फोनमधलं यूपीआय. तिन्ही एनपीसीआय या देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्याच जाळ्यावर चालतात आणि तिन्हींवर रिझर्व्ह बँकेची नजर आहे. कुलूप मात्र प्रत्येकाचं निराळं, आणि पैसे गेले तर भुर्दंड कोणावर पडणार याचा हिशेबही निराळा. लोक निवड करताना 'सोपं कोणतं' एवढंच पाहतात. आमच्या मते आधी बघायचं ते हे, की बिघडलं तर निस्तरायचं कोणी.

अंगठा: कुलूप कच्चं, पण नियम तुमच्या बाजूने

आधारवरून पैसे काढायला तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ना पिन, ना ओटीपी. एका व्यवहारात जास्तीत जास्त 10,000 रुपये निघतात. दिवसाची मर्यादा ज्याची त्याची बँक ठरवते. पोस्टमनकडेही ही सोय असते, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरबसल्या पैसे मिळू शकतात. ज्याला पिन लक्षात राहत नाही आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्याला याहून सोपं काही नाही.

अडचणही नेमकी तिथेच आहे. आधारच्या झेरॉक्स प्रती गावभर फिरतात, आणि ठसा एकदा चोरीला गेला की पिनसारखा बदलता येत नाही. 2023 मध्ये बेंगळुरूत मालमत्ता नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल बनवून लोकांची खाती साफ केल्याची प्रकरणं उघडकीला आली. अशा चोऱ्यांवर तीन बाजूंनी बंदोबस्त झाला. आधार प्राधिकरणाने 2023 पासून ठसा तपासताना बोट जिवंत आहे की रबराचं, हे ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवरची पडताळणी लावली. ठसा घेणारी यंत्रंही बदलली जात आहेत: जुन्या एल-0 यंत्रात ठशाची सांकेतिक गुंडाळणी (एन्क्रिप्शन) जोडलेल्या संगणकात किंवा फोनमध्ये होत असे, नव्या एल-1 यंत्रात ती यंत्राच्या आतच होते, त्यामुळे मधल्यामध्ये ठसा पळवायला वाव राहत नाही. आणि रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या आदेशानुसार 1 जानेवारी 2026 पासून आधारवर पैसे देणाऱ्या प्रत्येक केंद्रचालकाची, म्हणजे बँक मित्रासारख्यांची, पूर्ण तपासणी करणं बँकेवर बंधनकारक आहे. सलग तीन महिने व्यवहार नसलेल्या चालकाची पुन्हा केवायसी (ओळखीची तपासणी) झाल्याशिवाय त्याला यंत्र वापरता येत नाही.

हे सगळं चांगलंच आहे. पण गावातली खरी फसवणूक बहुतेकदा रबराच्या बोटाने होत नाही, तर "फेल झालं, परत लावा" या चार शब्दांनी होते. पहिला व्यवहार झालेला असतो, पडदा चालकाकडे वळलेला असतो आणि माणूस दुसऱ्यांदा अंगठा टेकवतो. म्हणून रक्कम आकड्यात दिसल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. फेल झालं म्हणाला, तर फेलचीही पावती मागायची. पावतीवर तारीख, वेळ, रक्कम, उरलेली शिल्लक आणि 12 आकडी आरआरएन हा व्यवहार क्रमांक असतो. पुढे काहीही वाद झाला तरी याच आकड्यावर शोध लागतो. तो नसेल तर शाखेत नुसती तोंडी तक्रार उरते.

कापूस वेचणीच्या दिवसांत ठसा खरोखरच फेल जातो, हेही तितकंच खरं. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांच्या पेरांना ओरखडत राहतात आणि ठशाच्या रेघा यंत्राला सापडत नाहीत. हात धुऊन नीट कोरडा करा आणि दुसरं बोट लावून पाहा. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, अंगठाच पाहिजे असं काही नाही. तरीही जमत नसेल तर आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवून घ्या, त्याचे ऑक्टोबर 2025 पासून 125 रुपये लागतात. ठसा जुळून पैसे वजा झाले पण हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत ते खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. एटीएममध्ये अडकलेल्या पैशालाही हाच हिशेब लागू पडतो.

ठशाला कुलूप घालायची सोय मात्र फार थोडे लोक वापरतात. आधारच्या ॲपमध्ये किंवा मायआधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बायोमेट्रिक लॉक करता येतं. गरजेपुरतं उघडलं की दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे; नसेल तर केंद्रावर 75 रुपयांत जोडून मिळतो. पण लॉक केल्यावर काय अडतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. बोट, डोळा आणि चेहरा तिन्ही बंद होतात. रेशन दुकानाच्या ई-पॉस यंत्रावर ठसा चालत नाही, पीएम किसानची चेहऱ्याने होणारी ई-केवायसी होत नाही, पेन्शनवाल्या आजोबांचा हयातीचा दाखलाही अडतो. यंत्रावर 330 हा आकडा आला तर बोट खराब नाही, लॉक लागलेलं आहे, एवढं समजायचं. ज्यांच्या घरी महिन्यातून एकदाच ठसा लागतो, त्यांनी लॉक जरूर करावं. जिथे आधारचा मोबाइल पुण्याला गेलेल्या पोराकडे आहे, तिथे दर वेळी ओटीपीसाठी फोनाफोनी होणार. तेवढी तयारी नसेल तर लॉकच्या फंदात पडू नये. काही बँका शाखेत अर्ज दिल्यावर आधारवरून पैसे काढणंच बंद करून देतात. तसं केलं तर रेशन चालू राहतं आणि खातंही सुरक्षित राहतं, म्हणून आधी तेच विचारावं.

कार्ड: जुनं, कंटाळवाणं आणि भरवशाचं

जनधन खात्याबरोबर आलेलं रुपे कार्ड कित्येक घरांत अजून लिफाफ्यातच पडून आहे. ते बाहेर काढायला दोन कारणं आहेत. पहिलं, कार्ड आणि पिन अशा दोन गोष्टी लागतात. एक चोरीला गेली तरी दुसरीशिवाय काम होत नाही, आणि शंका आली तर पिन दोन मिनिटांत बदलता येतो. दुसरं, ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्डावर एकतरी व्यवहार झालेला असावा लागतो. लिफाफ्यातल्या कार्डाचा विमा मिळत नाही.

2020 च्या नियमांनंतर नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रावरच चालतं. ऑनलाइन वापर तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय बंद असतो. तो बंदच राहू द्यावा. बँक मित्राकडच्या मायक्रो एटीएम या हातातल्या छोट्या यंत्रावरही कार्ड चालतं, त्यामुळे तालुक्याला जावंच लागतं असंही नाही.

कार्डाची उणीव तांत्रिक नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी एटीएम दुपारपर्यंत रिकामं होतं, धारणी-चिखलदऱ्याकडे रेंजच दगा देते, आणि मोफत व्यवहार संपल्यावर एटीएममध्ये एका वेळेला 23 रुपयांपर्यंत कापले जातात. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवायची सवय मात्र कुठलंही सरकार सोडवू शकत नाही.

यूपीआय: कुलूप पक्कं, पण किल्ली तुमच्याच हातात

यूपीआयची बांधणी तिन्हींत मजबूत आहे. ॲप त्या फोनशी आणि त्यातल्या सिमशी बांधलेलं असतं, वर पिन. नोंदणी करताना फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो. रिचार्ज संपलेलं असेल तर काम तिथेच अडकतं आणि लोक उगाच बँकेला दोष देतात. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवरही पिन तयार होतो. बटणाच्या फोनवर यूपीआय 123पे चालतं, एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत.

आईवडिलांना फोनमध्ये स्वतःचं खातं जोडायला जमत नसेल तर यूपीआय सर्कल ही सोय बघण्यासारखी आहे. मुलाच्या खात्यातून आईला खर्चाची मुभा देता येते: एका व्यवहाराला 5,000 आणि महिन्याला 15,000 पर्यंत. किंवा प्रत्येक खर्चाला मुलाने होकार द्यायचा, असंही ठेवता येतं.

मग घोळ कुठे होतो? कुलूप फोडलं जात नाही, माणसाकडून उघडवून घेतलं जातं. 'पीएम किसान यादी', 'ट्रॅक्टरचं चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावांची एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सअॅपवर येते. ती टाकली की फोनमधले एसएमएस आणि ओटीपी तिकडच्या माणसाला दिसू लागतात. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, एवढं पक्कं ठेवलं तरी निम्मे डाव तिथेच फसतात. माणसामाणसांतली 'पैसे मागण्याची' विनंती एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, त्यामुळे एक जुना सापळा गेला. बँकांची संकेतस्थळं आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर आणली आहेत; शेवट तसा नसेल तर पुढे जाऊ नये. दूरसंचार विभाग संशयित मोबाइल नंबरांना धोक्याची पातळी लावून ती बँकांना कळवतो, आणि काही ॲप अशा नंबरवर पैसे पाठवताना इशारा देतात. घाईत तो बाजूला सारू नका.

भुर्दंडाचा हिशेब

इथे तिन्ही वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाही पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला 5,000 आणि साध्या बचत खात्याला 10,000 पर्यंतचं नुकसान सोसावं लागतं. त्यापुढे बँकेचं धोरण. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

म्हणजे गंमत अशी, की सर्वांत कच्च्या कुलपाच्या अंगठ्यात नियम तुमच्या बाजूने उभा राहतो, कारण चोरलेल्या ठशात तुमचा काही हात नसतो. सर्वांत पक्क्या यूपीआयमध्ये मात्र फसवून का होईना, पिन तुम्हीच दाबलेला असतो. मुदत संदेशापासून मोजतात, म्हणून खात्याला चालू मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर पैसे गेल्याचंही महिन्याने पासबुक भरताना कळतं. तिन्हींपैकी काहीही निवडा, हे काम आधी करा. आधारला जोडलेला नंबर आणि बँकेत नोंदलेला नंबर या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हेही ध्यानात ठेवा.

आमचा कौल

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कार्ड आणि ओळखीचा बँक मित्र. पिन पाठ होत नसेल तर अंगठा, पण पावतीसह. घरात फोन सरावाने वापरणारं कोणी असेल तर दोन खाती ठेवा. अनुदान आणि चुकाऱ्याचं खातं फोनमधल्या कुठल्याही ॲपला जोडायचं नाही. त्यातून लागेल तेवढे दोन-चार हजार दुसऱ्या खात्यात वळवायचे आणि यूपीआय त्यावरच चालवायचं. फसलंच तर तेवढंच जाईल. यात एक खबरदारी: अनुदान कुठल्या खात्यात पडणार हे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर ठरतं, त्यामुळे दुसरं खातं उघडताना 'डीबीटी (थेट जमा होणारं अनुदान) या खात्यात हवी' या रकान्यावर विचार न करता खूण करू नका. हप्ता हरवल्याच्या कित्येक तक्रारींचं मूळ त्या एका खुणेत असतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचे जुने खातेदार असाल तर अंगठा लावताना यादीत महाराष्ट्र ग्रामीण बँक निवडा. 1 मे 2025 पासून ती विलीन झाली आहे.

खातं कोणालाही भाड्याने देऊ नका. पाच हजारांच्या कमिशनसाठी दिलेल्या खात्यात फसवणुकीचे पैसे आले, तर ते गोठवलं जातं आणि तुमचा स्वतःचा चुकाराही त्यातच अडकतो.

पैसे गेल्याचं लक्षात येताच, मार्ग कोणताही असो, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि 12 आकडी व्यवहार क्रमांक जवळ घेऊनच लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि तो जिथे सापडेल तिथे गोठवायचा असतो, म्हणून हे काम मिनिटांत मोजायचं. लाइन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्याच शिक्क्याच्या प्रतीवर तक्रार करता येते. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.