जिमनीची 2 इंच लिफ्ट: ऑफसेट बुश की ड्रॉप ब्रॅकेट?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिमनी 50 मिमीने उचलली (लिफ्ट केली) की हायवेवर स्टीअरिंग हलकं आणि भटकं होतं, वळण संपल्यावर आपणहून सरळ येत नाही. दोष कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाचा, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. चॅसिस वर गेली, रेडियस आर्मचं (ॲक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्याचं) मागचं टोक तिच्यासोबत वर गेलं, आणि आर्मला घट्ट धरलेला पुढचा ॲक्सल नाक खाली करून बसला. किती अंश गेले ते टेप लावून घरीच काढता येतं. लिफ्टचे मिलिमीटर भागिले आर्मची लांबी, गुणिले 57. आर्म 800 मिमी धरला तर उत्तर साडेतीन अंशांच्या आसपास येतं.

हे अंश परत मिळवायचे दोन परवडणारे मार्ग आहेत. पहिला, आर्मच्या ॲक्सलकडच्या दोन डोळ्यांमधले, म्हणजे गोल कड्यांमधले, रबरी बुश (धक्के झेलणाऱ्या नळ्या) काढून तिथे ऑफसेट, म्हणजे मध्यावर नसलेल्या, भोकाचे पॉलियुरेथेन बुश घालणं. दुसरा, आर्मचा चॅसिसकडचा बिंदूच ब्रॅकेट (ड्रॉप ब्रॅकेट) लावून खाली आणणं. तिसरा मार्ग म्हणजे कोन सुधारून बनवलेले आख्खे नवे आर्म. 75 मिमीच्या वर जाणाऱ्यांनी त्याचाच विचार करावा. 50 मिमीसाठी तो खर्च मला तरी पटत नाही.

बुशची बाजू आधी. गाडीखाली काही लोंबत नाही, चॅसिसला हात लागत नाही, बाहेरून बदल दिसतही नाही. कॅस्टर 2 ते 3 अंशांनी परत येतो आणि स्टीअरिंग सुधारतं, यात वाद नाही. मात्र बसवणाऱ्याला प्रेस हवा. हातोडी आणि सॉकेटने जुने बुश ठोकून काढणाऱ्याच्या हाती आर्म देऊ नका, डोळा अंडाकृती झाला की नवा बुश कधीच घट्ट बसत नाही. दिशेचा घोळ तर नेहमीचा. ॲक्सलच्या पुढच्या बुशचं भोक वर आणि मागच्याचं खाली, डाव्या-उजव्या दोन्ही आर्मना अगदी तसंच. उलटं बसलं तर उरलासुरला कॅस्टरही जातो. प्रेसखाली घालण्याआधी आर्मवर पांढऱ्या पेंटने बाण काढून ठेवा. भोक मध्यावर नसल्यामुळे बुशची एक भिंत पातळ असते. आडव्यातिडव्या खड्ड्यात एक चाक वर, एक खाली गेलं की आर्म पिळला जातो. मूळ रबर तो पीळ सहन करतं, पॉली करत नाही. पीळ पातळ भिंतीवर येतो आणि पावसाळी चिखलातली वाळू आत शिरली की ती भिंत कुरतडली जाते. बुश वाजायला लागणं ही त्याची पहिली खूण.

तरीही कुरकुर आणि झीज यांच्यासाठी मी बुशवर काट मारली नसती. ग्रीस भरता येतं, बुश बदलता येतात. माझा निर्णय झाला तो स्पीडब्रेकरवर.

ऑफसेट बुश ॲक्सल फिरवतो, पण आर्म तिरकाच राहतो. मागे उंच, पुढे खाली. अशा आर्मवरचं चाक वर उचललं जाताना सरळ वर जात नाही, वर जाता जाता थोडं पुढेही सरकतं. म्हणजे अडथळा चाकाला मागे ढकलतोय आणि आर्म त्याला अडथळ्याच्या अंगावर घालतोय. तो दणका स्प्रिंगकडे न जाता आर्ममधून थेट चॅसिसमध्ये आणि तिथून मनगटात येतो. गावागावाबाहेरचे उभट स्पीडब्रेकर आणि ओळीने पाच-सहा रंबलर असलेल्या आपल्या रस्त्यांवर हे दिवसातून पन्नास वेळा होतं. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर हिरवा, आणि गाडी मात्र दगडी. मग लोक शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) बदलतात, डॅम्पिंग मऊ करून घेतात, टायरची हवा कमी करतात. दणका तसाच. ड्रॉप ब्रॅकेटने आर्म पुन्हा जवळपास आडवा होतो, आणि फरक पहिल्याच स्पीडब्रेकरवर हाताला कळतो. आकड्यात मांडायला माझ्याकडे यंत्र नाही, पण मागे बसणाऱ्यालाही तो न सांगता जाणवावा इतका आहे.

ब्रॅकेटवरचा मोठा आक्षेप म्हणजे तो खडकाला लागतो. लागतो, खरं आहे. पण हिशोब नीट करा. 50 मिमी वर गेलेली जागा 50 मिमी खाली आली, म्हणजे तेवढ्या जागेपुरती गाडी कंपनीने दिली होती तेवढ्याच उंचीवर परत आली. ती जागा पुढच्या चाकाच्या मागेच आहे, गाडीच्या पोटाच्या मध्यावर नाही. 2590 मिमी व्हीलबेसच्या गाडीचं पोट टेकतं ते मध्यावर. डिफरन्शियलचा भोपळा (ॲक्सलमधला गिअरचा गोल डबा) तर कुठल्याच लिफ्टने उंच होत नाही, तो टायरनेच होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बिंदू खाली गेल्याने ब्रेक मारताना चॅसिसच्या मूळ माउंटवर पीळ वाढतो. म्हणून फक्त मूळ बोल्टच्या एका भोकावर लटकणारा ब्रॅकेट घेऊ नका. चॅसिसला दुसरा आधार देणारा हवा, प्लेट 5-6 मिमीची हवी, आणि ब्रॅकेटच्या दोन्ही पानांच्या (बाजूच्या प्लेटांच्या) मध्ये स्पेसर ट्यूब हवी. ट्यूब नसेल तर बोल्ट आवळताना पानं आत दबतात, बोल्ट सैल पडतो, आणि ब्रेकच्या वेळी ‘टक्’ आवाज सुरू होतो.

ब्रॅकेट लावला तर मूळ रबरी बुश राहणार असल्याने एक पथ्य पाळा. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी करून. जॅकवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. 100 किमीनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

दोन्ही मार्गांना न चुकणारी कामंही आहेत. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) तिरका झाल्याने ॲक्सल रॉडच्या चॅसिसकडच्या टोकाच्या बाजूला सरकतो. ॲडजस्टेबल रॉड लावून तो मध्यावर आणा. नुसता रॉडचा ब्रॅकेट खाली घेऊ नका. रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) समांतर राहिले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळतं. मग ड्रॅग लिंकने स्टीअरिंग सरळ करा, नाहीतर ईएसपीला, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला, गाडी वळतेय असं वाटून ते मध्येच ब्रेक लावतं.

शॉकची लांबी कॅटलॉगवरून ठरवू नका. स्प्रिंग काढा, ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला (ॲक्सलची वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्याला) टेकवा आणि माउंट ते माउंट अंतर मोजा. शॉकची बंद लांबी याहून 10-15 मिमी तरी कमी हवी. तशी नसेल तर बंप स्टॉप खाली उतरवा. नंतर ॲक्सल पूर्ण लटकवा. ब्रेक होज ताणण्याआधी आणि स्प्रिंग सुटण्याआधी शॉक पूर्ण ताणून संपला पाहिजे. मूळ शॉकला खालून वाढीव कान जोडणं स्वस्त पडतं, पण दबताना बंप स्टॉपच्या आधी शॉकच आपटतो आणि त्याचं सील जातं.

आरटीओ आणि विम्याचं काय, हे लिफ्टच्या आधीच विचारून घ्या.

लिफ्ट 40 मिमीच्या आत असेल, किंवा गाडी बहुतेक वेळ जांभ्याच्या आणि कातळाच्या वाटांवरच असेल, तर बुश घ्या, मी अडवणार नाही. रोजच्या डांबरी रस्त्याची गाडी असेल तर ब्रॅकेट. बसवण्याआधीच त्याच्या पुढच्या आणि मागच्या खालच्या कडेला 45 अंशात तिरकी पट्टी वेल्ड करून घ्या. दगडाला लागला तरी तो अडकत नाही, घसरून पुढे जातो.