कन्सील्ड टाकीचा कमोड, ११ महिन्यांनंतर: जागा खरंच वाचली का?

आमचं बाथरूम १२० बाय १८० सेंटीमीटर. दार आत उघडतं आणि जुन्या कमोडच्या तोंडाला घासून जायचं, इतकं की दाराच्या खालच्या कोपऱ्याचा रंगच उडाला होता. नूतनीकरण काढलं तेव्हा जो तो म्हणाला, कन्सील्ड टाकी, म्हणजे भिंतीआड लपवलेली फ्लशची टाकी बसवा, जागा वाचेल. आम्हीही माना डोलावल्या.

मग एका रात्री टेप घेऊन बसले. जुना कमोड मागच्या भिंतीपासून ७० सेमी पुढे यायचा. नवीन टाकी भिंतीत जाते म्हणतात, पण आमची ती भिंत जेमतेम १० सेमीची आणि पलीकडे झोपायची खोली. ती खोदायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे भिंतीपुढे लोखंडी फ्रेम उभी करायची आणि तिच्यावर सिमेंट बोर्ड, टाइल्स. टाकी १२ सेमीची. सगळं धरून खोका १६ सेमी पुढे येणार. भिंतीला लटकणारा नेहमीचा कमोड ५४ सेमी लांब. १६ आणि ५४ किती? ७०! एवढी तोडफोड करून आम्ही होतो तिथेच राहणार होतो.

म्हणून ४९ सेमीचा आखूड कमोड घेतला. आता दार न घासता फिरतं. पण ते ५ सेमी टाकीमुळे नाही, आखूड कमोडमुळे मिळाले, हे नीट लक्षात घ्या. टाकी लपवून जागा मिळते ती भिंतीत खरोखर कोनाडा काढता येत असेल तर, किंवा मागे आधीपासून पाइपांची पोकळी असेल तर. ८ सेमीच्या पातळ टाक्याही मिळतात, त्या आम्ही पाहिल्या. पण मैल्याचा पाइपच ९ सेमी जाड. तो भिंत न खोदता ८ सेमीत कुठे दडवणार?

त्या पाइपाने आणखी एक खोड काढली. जुन्या कमोडचं मैला सोडायचं भोक जमिनीत होतं, भिंतीपासून २२ सेमीवर. लटकणारा कमोड मागे भिंतीत सोडतो आणि पाइप खोक्याच्या आत वळून खाली जातो. १६ सेमीच्या खोक्यात २२ सेमीवरचं भोक येणार कसं? फरशी फोडून पाइप मागे घेतला, तेवढ्या भागाचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ यातच गेला. दुकानात कुणी हे विचारत नाही. तिथे फक्त फ्लश प्लेटचे, म्हणजे भिंतीवरच्या बटणांच्या पट्टीचे रंग दाखवतात.

उंचीच्या बाबतीत फसलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून सीट ४५ सेमीवर हवी होती. आमच्या फ्रेमवर एक मीटरची खूण आहे, ती तयार फरशीपासून मोजायची असते. मिस्त्रींनी ती जुन्या फरशीपासून मोजली आणि नंतर जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या. फरशी २ सेमी वर आली, सीट ४३ वर राहिली. बोल्ट भिंतीत पक्के झाल्यावर यात काही करता येत नाही. शेवटी बाजूच्या भक्कम भिंतीवर आधाराचा दांडा लावला. खोक्यावर लावायचा असता तर बोर्डामागे आधीच प्लायवूड घालायला हवं होतं, तेही आम्हाला नंतर कळलं.

पाहुणे बसण्याआधी कमोडकडे संशयाने पाहतात. त्यांना सांगते, युरोपीय मानक ईएन ९९७ मध्ये असा कमोड ४०० किलोच्या भाराखाली तपासतात. भार टाइल्सवर नसतो, फ्रेमच्या पायांतून जमिनीत जातो. एवढं ऐकूनही एक काका अलगदच बसले असावेत.

तिसऱ्या आठवड्यात कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ दिसू लागली. पुसली की पुन्हा. खात्री करायला टाकीत थोडा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. कमोडमध्ये रंग उतरला. मला वाटलं वॉशर गेला, आता भिंत फोडावी लागणार. प्लंबरने फ्लश प्लेट हाताने काढली, मागचं झाकण काढलं आणि हसला. बटणामागे जे दोन दांडे असतात ते भिंतीच्या जाडीप्रमाणे जुळवायचे असतात. आमचा एक दांडा किंचित लांब राहिला होता, त्यामुळे बटण कायम नखभर दाबलेलं आणि झडप अर्धवट उचललेली. दोन मिनिटांत काम झालं.

या प्रसंगानंतर माझी भीती गेली. अँगल कॉक, पाणी भरणारा व्हॉल्व्ह, फ्लशची झडप, सगळं त्या प्लेटच्या खिडकीतून निघतं. मात्र खिडकी लहान आहे, भाग ठरलेल्या क्रमानेच बाहेर येतात आणि हात मोठा असेल तर वैताग येतो. टाकी एकसंध, बिनजोडाची आहे, त्यामुळे तिच्या फुटण्याची चिंता कमी; झिजतात ते रबरी भाग. म्हणून झडपेचं एक जादा रबर आत्ताच आणून ठेवलंय आणि बोर्ड लावण्याआधी टेप धरून पाइपांचे फोटो काढलेत. टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्या मात्र अजिबात नाहीत, त्यांनी रबर लवकर खराब होतं.

पाणी वाचवायच्या हौसेने मोठा फ्लश ६ लिटरवरून ४.५ वर आणला होता. छोटा ३ लिटरचा ठीक चालतो, पण ४.५ मध्ये आमचा कमोड एका दमात साफ होईना. दोनदा दाबलं की झाले ९ लिटर! परत ६ वर आणला. कमोड आणि टाकी वेगवेगळ्या कंपन्यांची घेणार असाल तर कमोड किती लिटरला बनवलाय ते आधी पाहा. कमोड ज्यांवर टांगतात त्या दोन बोल्टमधलं अंतरही पाहा. आमचं १८० मिमी आहे, २३० चेही असतात.

आवाजाचं उलटंच झालं. बाथरूममध्ये टाकी भरल्याचं कळतही नाही, पण भिंतीपलीकडे झोपलेल्या नवऱ्याला पहाटे बरोबर कळतं. कमोड आणि टाइल यांच्यामध्ये मऊ पट्टी घातली आहे, तिने झाकण आपटल्याचा दणका तेवढा कमी होतो.

आखूड कमोडमुळे नवऱ्याची एक तक्रार कायम आहे, त्याला पुढे जागा कमी पडते. मला पडत नाही.

आवडलेलं एकच, पण ते रोज आवडतं: खालची फरशी मोकळी आहे. पोछा थेट भिंतीपर्यंत जातो, जुन्या कमोडच्या बुडाशी साचणारी काळी रेघ नाही. कमोडभोवती सिलिकॉन भरताना खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे आत कुठे गळलंच तर पाणी बाहेर दिसेल. ११ महिन्यांत तिथे काही दिसलेलं नाही. खोक्यावर १२० सेमी उंचीवर फळीसारखी कड मिळाली तीही कामाची, फक्त झाकण उघडं असताना तिथे शाम्पूची बाटली ठेवू नका. आमची दोनदा बाहेर काढावी लागली.

दुसऱ्या बाथरूमचं काम पुढच्या वर्षी निघेल. तिथे दार बाहेर उघडतं आणि मागची भिंत तशीच १० सेमीची आहे. तिथे मी साधा, टाकी बाहेर असलेला कमोडच बसवणार आहे, म्हणजे जमिनीतला पाइप हलवावा लागणार नाही.